डोंगराचा कान

माझा धंदा दातांचा. दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडून आडवे होतात, मी बोलतो आणि त्यांना उत्तर देता येत नाही. घरी याच्या बरोबर उलटं. घरी सासरे बोलतात.

सासऱ्यांना गिर्यारोहण क्लबात सगळे 'कातळ' म्हणतात. पाठीमागे नव्हे, तोंडावर, आणि त्यांना ते मनापासून आवडतं. गावाला लागून जो डोंगर आहे त्याची समोरची बाजू म्हणजे सरळसोट भिंत, आणि त्या भिंतीवरून पहिल्यांदा वर गेले ते हे. तेव्हापासून तो डोंगर आपल्या मालकीचा आहे अशी त्यांची समजूत आहे. डोंगराने आजवर तक्रार केलेली नाही.

डोंगराची मागची बाजू मात्र सगळ्यांची. तिथून एक दगडांची सोंड खाली उतरते आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यावर ही गर्दी लोटते. हातापायांनी खरडत, बूड टेकत, एकमेकांवर ओरडत लोक वर जातात, फोटो काढतात आणि उतरताना देवाचं नाव घेतात. क्लबवाले त्यांना 'चतुष्पाद' म्हणतात. मीही चतुष्पादच. लग्नाआधी छाप पाडायला म्हणून एकदा वर गेलो आणि उतरताना मधेच एका दगडाला जी मिठी मारून बसलो, ती सुटेना. शेवटी जी पुढे माझी बायको झाली तिने हाताला धरून मला खाली आणलं. पायथ्याशी सासरे उभे होते. त्यांनी मुलीला विचारलं, "हेच का ते?" ती म्हणाली, "हेच." लग्न झालं, पण सासऱ्यांचा तो प्रश्न अजून सुटलेला नाही. चारचौघांत ते मला 'दातवाले' म्हणतात आणि दाढ ठणकायला लागली की 'डॉक्टर'.

भिंतीवर त्यांचा एकच कायदा चालतो. दगडाला हात लावायचा, हत्यार नाही. खिळा ठोकायचा नाही, पकड कोरायची नाही, आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे, हलणारा दगड चिकटवायचा नाही. हलतो तो दगड उपटून टाकायचा. मग वाट अवघड झाली तर झाली, ज्याला झेपेल तो चढेल. एकदा एका प्राध्यापकाने एका हलत्या पकडीच्या बुडाशी चिमूटभर सिमेंट भरलं. सासऱ्यांनी भर सभेत उभं राहून त्याचं सभासदत्व रद्द करायला लावलं. तो प्राध्यापक नीतिशास्त्र शिकवायचा, हे ते अजूनही चवीने सांगतात.

असे हे गृहस्थ सत्तरीला आले आणि त्यांनी जाहीर केलं की वाढदिवसाला आपण पुन्हा भिंत चढणार. वरून कुणी दोर धरायचा नाही; स्वतः पुढे, दोर मागे. क्लबाच्या सचिवाने भीत भीत सुचवलं की या वयात वरून दोर असलेला बरा.

"वरून दोर बांधून ओढायला मी काय बादली आहे?" सासरे म्हणाले. विषय संपला.

वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात बायको भर दुपारी दवाखान्यात आली. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात येऊन ती सरळ पेशंटच्याच खुर्चीत आडवी झाली. मला वाटलं, दुखतंय काहीतरी.

"कान हलतोय," ती म्हणाली.

"कुठला? उजवा की डावा?"

"माझा नाही रे. डोंगराचा."

हा कान म्हणजे भिंतीच्या सगळ्यात वाईट जागी बाहेर आलेला, कानाच्या पाळीएवढा जाड दगडाचा पापुद्रा. खाली लांबवर एक अरुंद ओटा, वर गुळगुळीत कातळ, आणि मधे हा कान. तो धरायचा आणि वर जायचं, दुसरा इलाज नाही. क्लबाच्या माहितीपुस्तकात त्याच्यावर अख्खा परिच्छेद आहे. बायको सराव करायला गेली होती आणि तिच्या हातात तो चक्क किरकिरला होता.

"मग बाबांना सांग."

"सांगितलं की ते म्हणणार, उपटून टाका. आणि तो उपटला की तिथे धरायला काही उरत नाही. तरी ते चढणारच. माझ्या बापाला ओळखतोस ना तू?"

"ओळखतो."

"तिथून हात सुटला तर दोर ताणला जायच्या आधी ते ओट्यावर आदळतील. मी खाली दोर धरून उभी असेन आणि माझ्या डोळ्यांदेखत आदळतील." ती छताकडे बघत होती. तिचा आवाज असा मी क्वचितच ऐकला आहे. "तू दात पक्के करतोस ना?"

"माणसांचे."

"ते हाडात असतात, हा दगडात आहे. फरक काय?"

फरक मी बराच वेळ सांगितला. मला उंचीची भीती वाटते, हा त्यातला मुख्य होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मीच केलं असतं. पण माझा हात जाडाभरडा आहे. तुझ्याइतका हलका हात मी कुणाचा बघितला नाही." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोने कौतुक केलं की माणूस भिंतीवरून उडी मारायलाही तयार होतो. मला फक्त लोंबकळायचं होतं.

गर्दी नसते अशा आडवारी उजाडताना आम्ही मागच्या सोंडेने वर गेलो. बायकोने मला हार्नेसमध्ये बांधलं, हेल्मेट घातलं, सगळ्या गाठी दोनदा तपासल्या आणि मला कड्यावरून खाली सोडलं. त्या उतरण्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की मी सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते आणि तोंडाने मात्र, "घाबरू नका, काही दुखणार नाही," असं म्हणत होतो. पेशंटला म्हणायची सवय, ती ऐन वेळी माझ्या कामी आली.

कानाशी पोचल्यावर डोळे उघडले आणि आश्चर्य म्हणजे भीती पळाली. समोर एक हलणारी वस्तू होती, तिच्या बुडाशी फट होती, आणि माझ्या कमरेला हत्यारांची पिशवी होती. हे माझं राज्य. मी टोकदार सळईने फटीतली माती आणि शेवाळ काढायला लागलो आणि सळई एका जागी टक्कन थांबली.

दात किडलेला कसा लागतो, खरा कसा लागतो आणि आधी कुणीतरी भरून ठेवलेला कसा लागतो, हे मला झोपेतही कळेल. हा आधी भरलेला होता.

मी माती पूर्ण खरवडली. राखाडी रंगाचा जुना सिमेंटचा मसाला, दगडाच्या रंगाशी बऱ्यापैकी जुळवलेला. कडेने झिजून सुटला होता, म्हणून कान हलत होता. मधला भाग अजून घट्ट होता आणि त्यात बोटाच्या पेराएवढा एक खळगा होता. कुणीतरी मसाला ओला असताना बोटाने दाबून बसवल्यासारखा. पण खळग्यात बोटाच्या रेषा नव्हत्या. ओळीने बारीक बारीक ठिपके होते. माहितीपुस्तकातला परिच्छेद मला आठवला: 'कानाच्या मागे बोटांना लागणारा नैसर्गिक खरखरीतपणा ही निसर्गाची करामत होय.'

निसर्गाची कसली, कातळसाहेबांची! पहिल्यांदा चढले ते, वाट त्यांची, कायदाही त्यांचाच. आणि कानात भरलेला मसाला? मला जो आनंद झाला तो सांगायची मला जराही लाज वाटत नाही. मी दोरावर लोंबकळत खदखदून हसलो.

"काय झालं? हसतोस काय?" वरून बायको ओरडली.

"घाबरलोय!" मी ओरडून सांगितलं.

मग तिच्या आवाजावरून तिची आठवण झाली आणि माझं हसू ओसरलं. ही माझी बायको शाळेत असताना चढाईच्या एका स्पर्धेत पहिली आली होती. पंचांनी निकाल दिला, टाळ्या पडल्या आणि हिने स्वतः जाऊन सांगितलं की माझा पाय एकदा बाजूच्या रेषेला लागला होता, तुम्हाला दिसला नाही. चषक गेला. का, तर बापाने शिकवलं होतं. तो सोडलेला चषक तिने आयुष्यभर मिरवला आहे. तिला मी काय सांगणार होतो, की तुझ्या बापाने कानात सिमेंट भरलंय?

मी गप्प बसायचं ठरवलं. सुटलेला भाग काढला, फट कोरडी केली, दोन नळ्यांतून येणारा पक्का डिंक दगडाच्या भुकटीत कालवून भरला. रंग जुळवायला मी दातांच्या छटांची पट्टी नेली होती, पण इतकं वाईट तोंड त्या पट्टीत नव्हतं. अंदाजाने जुळवला. मधला ठिपक्यांचा तुकडा पक्का होता म्हणून त्याला हात लावला नाही. चांगलं काम उगाच उकरू नये, हा माझा कायदा.

त्या दिवशी संध्याकाळी मी सासऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होतो. आम्ही त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहतो, जेवण खाली एकत्र. दगडाच्या पावित्र्यावर त्यांचं भाषण चालू होतं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते मजेत ऐकत होतो. भाषण संपवून ते फिरायला गेले. बायको वर गेली. सासूबाई दिव्याखाली बसून सासऱ्यांच्या चढाईच्या पँटला गुडघ्यावर ठिगळ लावत होत्या. कापड जाड, सुई अडत होती. त्यांनी बोटात धातूचं टोपण घातलं होतं, शिवणारे घालतात ते, आणि त्याने त्या सुई रेटत होत्या.

टोपणावर ओळीने बारीक बारीक ठिपके होते.

मी बघतच राहिलो. सासूबाईंचा हात थांबला.

"काय बघताय?"

"टोपण," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. मग सुई पुन्हा कापडात घातली आणि अगदी हळू विचारलं, "पक्कं आहे ना अजून?"

सासूबाई घरात कमी बोलतात. त्यांच्या वाटणीचं सासरे बोलून टाकतात. पण त्या संध्याकाळी बोलल्या. सासरे पहिल्यांदा भिंत चढून आले तेव्हा उड्या मारत सांगत होते की कान हलतो, काय मजा येते! सासूबाईंना रात्रभर झोप लागली नाही. सासरे दुसऱ्या आठवड्यात पुन्हा जाणार होते. यांनी भावाला पकडलं. भाऊ वरून दोर धरून बसला आणि या खाली उतरल्या, कमरेला मसाल्याचा डबा बांधून. बोट भाजेल म्हणून टोपण घातलं.

"आणि ही पोटात होती," त्यांनी मान वर करून छताकडे खूण केली. वर बायकोची पावलं वाजत होती. भिंतीवर जाणारी पहिली बाई म्हणून क्लबाने जिचा फोटो लावलाय तीच ही. ती आईच्या पोटातून आधीच तिथे जाऊन आली होती.

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण घरी बसून वाटायची त्यापेक्षा कमी."

"आणि यांना ठाऊक आहे?"

"अहो, ठाऊक असतं तर त्याच दिवशी उपटून टाकला असता. आणि मला क्लबातून काढलं असतं."

"तुम्ही क्लबात कुठे आहात?"

"म्हणून तर वाचले." त्या हसल्या. मग दातांनी दोरा तोडला, जे मी कुणालाही करू देत नाही, आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं त्या कानाला लोंबकळून घरी येतात आणि मला सांगतात, माणसानं दगडावर विश्वास ठेवावा. मी म्हणते, हो."

त्यांनी पँट झटकली आणि घडी घातली. मी त्यांना सांगितलं की तुमच्या हातचं तसंच ठेवलंय, फक्त कडेने भरून घेतलंय. त्यांनी माझा हात हातात घेतला. आता मात्र मला काळजीने घेरलं. आतापर्यंत नुसता सासऱ्यांचा जीव पणाला होता. आता सासूबाईंचा विश्वासही माझ्या हातच्या भरणावर लोंबकळणार होता.

वाढदिवसाला पायथ्याशी जत्रा जमली. क्लबवाले, त्यांची कुटुंबं, कॉफीचा गाडा, सचिवाच्या हातात भोंगा. सासूबाई घडीच्या खुर्चीवर दुर्बीण घेऊन बसल्या होत्या. बायको दोर धरून उभी होती, चेहरा दगडाचा. मला खाली उभं राहवेना. मी चतुष्पादांच्या रांगेत घुसलो, हातापायांनी वर गेलो, एका मोठ्या दगडाला स्वतःला बांधून घेतलं आणि कड्यावर पालथा पडून खाली डोकावलो. मला माझं काम बघायचं होतं.

सासरे हळूहळू येत होते. खरं सांगायचं तर माणूस चढतो सुरेख. भाषण करताना इतकी आदळआपट करणारा हा प्राणी दगडावर मांजरासारखा चालत होता. ओटा मागे पडला. ते कानापाशी आले. खालचा कलकलाट थांबला. मी मनातल्या मनात कानाला सांगितलं, हलू नकोस बाबा.

सासऱ्यांनी उजवा हात वर करून कानावर ठेवला.

नुसता ठेवला. वरून मला स्पष्ट दिसत होतं. बोटं वळलेली नव्हती. लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा उघडा पंजा, बरोबर त्या ठिपक्यांवर. आणि सगळं वजन डाव्या हातावर, बाजूच्या एका चिरेत कशीबशी मावलेल्या दोन बोटांवर. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, पाय थरथरत होता. अशा अवस्थेत ते वर सरकले, पाय बदलला, आणि मग कानावरचा हात अलगद काढून घेतला. माझ्या भरणाला त्यांनी काडीचंही काम दिलं नव्हतं.

खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. "कानाने साथ दिली!" सचिव भोंग्यातून ओरडला.

ते वर आले, बसले, धापा टाकत राहिले. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती अर्धी संपवली आणि डाव्या हाताची दोन बोटं तोंडात धरली. त्यांतून रक्त येत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"कानाला वजन न देता चढताय."

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदाच निरुत्तर झालेलं बघितलं. तोंड उघडं नसतानाही.

"दुसऱ्या खेपेपासून," शेवटी ते म्हणाले. "पहिल्या खेपेला हलला होता, दुसऱ्या खेपेला हलेना. हलणारा दात आपोआप पक्का होतो का हो, डॉक्टर?"

"नाही."

"दगडही होत नाही. बोटांना ठिपके लागले. घरी आलो तर ही माझीच पँट शिवत बसली होती, बोटात ते टोपण."

"मग उपटून का नाही टाकलात? कायदा तुमचाच."

"पोट पुढे आलं होतं तिचं," ते एकदम चिडून म्हणाले. "तसल्या अवस्थेत तिथे लोंबकळली ती, माझ्यासाठी. आणि मी ते उपटू?"

"आणि तो प्राध्यापक?"

"त्याची बायको लोंबकळली होती का?"

मी म्हणालो, "पण एवढं तरी सांगायचंत, की कान न धरता चढता. म्हणजे तुमची वाट सगळ्यांना वाटते त्यापेक्षा एका श्रेणीने अवघड झाली."

"दोन," ते झटकन म्हणाले. "दोन श्रेणींनी." आणि लगेच ओशाळले. हा माणूस बाजारातून चांगलं कलिंगड आणलं तरी आठवडाभर त्याची कथा सांगतो, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी फुशारकी त्याने इतकी वर्षं गिळून ठेवली होती. मला ते आवडायला लागले, आणि याचा मला रागही आला.

"हात मात्र ठेवतो कानावर," ते म्हणाले. "ती दुर्बिणीतून बघत असते."

खाली खुर्चीपाशी एक छोटासा हात हलत होता. त्यांनीही हात हलवला. मग माझ्या हातांकडे वळून बघितलं, विकत घ्यायची वस्तू निरखावी तसं.

"तुमचं काम सुबक आहे हो," ते म्हणाले. "तिचं जरा ओबडधोबड होतं."

आम्ही मागच्या सोंडेने उतरलो. त्या जुन्या दगडापाशी मी पुन्हा अडखळलो, आणि सासरे माझ्याकडे पाठ करून, जणू देखावा बघायला, मला सावरता येईपर्यंत उभे राहिले. पायथ्याशी बायको बापाच्या गळ्यात पडून रडली. सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली: नाही, अजिबात हलला नाही. ते खोटंही नव्हतं.

मग त्यांनी नवऱ्याची रक्ताळलेली बोटं हातात घेतली, डाव्या हाताची, आणि उलटसुलट करून बघितली. क्षणभर त्यांच्या कपाळावर एक आठी आली. कानावर ठेवला तो हात उजवा होता.

"बघितलंस ना?" सासरे घाईघाईने मोठ्या आवाजात म्हणाले. "माणसानं दगडावर विश्वास ठेवावा."

सासूबाईंनी पदराने ती बोटं पुसली.

"हो," त्या म्हणाल्या.